नाव झाका, माल पाहा

मागच्या जिल्हा बैठकीत चहाची वेळ झाली तेव्हा एका जुन्या कास्तकाराने आम्हाला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा इंग्लंडात नोकरीला आहे. "पोरगं फोनवर विचारते," ते म्हणाले, "संगतीचे लोक जेवाले येतात, टेबलावर वाईनची बाटली ठेवा लागते. महागाची परवडत नाही, हलकी ठेवली तर लाज जाते. कमी पैशात चांगली बाटली ओळखाची कशी? मी म्हटलं, बाप्पा, मले पऱ्हाटी समजते, जवारी समजते. हे काय समजते?"

शेजारी उभे असलेले सगळे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. प्रश्न दिसतो शहरी, पण तो शेतमालाचा प्रश्न आहे. वाईन म्हणजे द्राक्ष, द्राक्ष म्हणजे शेतकरी. चांगला माल कुठे स्वस्त मिळतो, हे गिऱ्हाईक विचारत असेल तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणी तरी चांगला माल स्वस्तात देत असतो. तो का देतो, हे कापूसवाल्यांनी समजून घेण्यासारखे आहे. म्हणून या वेळचे संपादकीय या बाटलीवर.

आधीच सांगून टाकतो, आम्ही दारूचा प्रचार करायला बसलेलो नाही. गावातले देशीचे दुकान बंद पाडण्यासाठी आमच्या मायबहिणी रस्त्यावर उतरल्या तेव्हा आम्ही त्यांच्या मागे उभे होतो, उद्याही राहू. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर बंदीच आहे. ज्याला प्यायची नाही त्याने पिऊ नये. पण फ्रान्सच्या खेड्यातला द्राक्षवाला हाही आपल्यासारखाच शेतकरी. त्याचा माल काय आहे यावरून त्याच्याशी सोयरीक तोडावी, असे आम्हाला वाटत नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ.

पहिली गोष्ट हिशेबाची. इंग्लंडात ऑगस्ट 2023 मध्ये नेहमीच्या ताकदीच्या वाईनच्या एका बाटलीवर 2 पौंड 67 पेन्स उत्पादन शुल्क ठरले. बाटली स्वस्त असो की महाग, कर तेवढाच. त्यावर 20 टक्के विक्रीकर. (फेब्रुवारी 2025 पासून हे शुल्क मद्यार्काच्या प्रमाणाप्रमाणे बदलते, हलक्या ताकदीच्या बाटलीवर थोडे कमी बसते. हिशेबाची रीत मात्र तीच.) 2023 च्या त्या दराने दुकानात 5 पौंडांची बाटली घेतली तर विक्रीकराचे 83 पेन्स गेले, शुल्काचे 2 पौंड 67 गेले, उरला दीड पौंड. या दीड पौंडात दुकानदाराचा नफा, जहाजाचे भाडे, काच, बूच, चिठ्ठी, आणि सगळ्यांचे भागल्यावर काही राहिलेच तर द्राक्षे. तीच बाटली 8 पौंडांची घेतली तर करानंतर मागे उरतात 4 पौंड. म्हणजे गिऱ्हाइकाने तीन पौंड जास्त टाकले आणि मालाच्या वाट्याचे पैसे अडीच पटींवर गेले. कवडी कापूस न्या की पांढराशुभ्र वेचा न्या, गाडीभाडे तेवढेच पडते, हे ज्याला कळते त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून अगदी तळाची बाटली ही स्वस्त नसते. ती फक्त कमी किमतीची असते. तिच्यात कर विकत मिळतो, वाईन नावापुरती.

ही झाली खालची पायरी. वर चढत गेले की वेगळीच गंमत सुरू होते. एका मर्यादेनंतर जे पैसे वाढतात ते मालाचे नसतात, नावाचे असतात.

फ्रान्समध्ये बोर्दो नावाचा प्रांत आहे. तिथल्या मळ्यांची एक प्रतवारी 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झाली. ती कोणी केली? दलालांनी. कशावरून केली? त्या त्या मळ्याच्या मालाला बाजारात आजवर काय भाव मिळाला यावरून. म्हणजे भाव जास्त म्हणून प्रत वरची, आणि प्रत वरची म्हणून पुढे भाव जास्त. तेव्हापासून आजपर्यंत त्या यादीत खालच्या वर्गातून वरच्या पहिल्या वर्गात चढलेला मळा एकच, तोही 1973 साली. एवढ्या वर्षांत मालक बदलले, वेली बदलल्या, हवामान बदलले, यादी तिथेच. आपल्याकडे पाटीलकी वंशपरंपरेने चालायची, तिथे मातीची पाटीलकी चालते म्हणा ना!

शँपेनचेही तसेच. फेसाळ वाईन, लग्नाकार्यात बूच उडवतात ती. शँपेन हे प्रांताचे नाव आहे, त्या प्रांताबाहेर कोणी ते लावू शकत नाही. पण बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेस आणायची जी रीत शँपेनमध्ये आहे, तीच रीत फ्रान्सच्या दक्षिणेत लिमू गावच्या परिसरातले शेतकरीही वापरतात. त्यांच्या वाईनला 'क्रेमाँ द लिमू' म्हणतात. कायद्याप्रमाणे तिला शँपेनपेक्षा थोडे कमी दिवस बाटलीत मुरवावे लागते, एवढा फरक मान्य करू. किमतीतला फरक मात्र त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. कमी पैशात फेसाळ बाटली हवी असेल त्याने ही घ्यावी.

थोडक्यात, कमी पैशात चांगली वाईन तिथे मिळते जिथल्या शेतकऱ्याकडे माल आहे आणि नाव नाही. असा सर्वात मोठा मुलूख म्हणजे हाच दक्षिण फ्रान्स, लांगदोक. या मुलखाचा इतिहास शेतकरी आंदोलनातल्या माणसाने एकदा तरी ऐकावा असा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आगगाडी आली आणि लांगदोकचा माल पॅरिसला, उत्तरेतल्या गिरण्यांच्या गावांना जाऊ लागला. गिरणीकामगाराला रोज जेवणाबरोबर लागणारी साधी लाल वाईन पुरवायची, हे या मुलखाचे काम ठरले. मग 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची कीड आली. मुळांना लागायची, वेल वरून वाळत जायची. गुलाबी बोंडअळीने भरल्या शेतात कसे हात टेकायला लावले ते आठवा म्हणजे कल्पना येईल. शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधायचा उपाय सापडला. नव्या लागवडीला पैसा लागला, तो कर्जाने आला. कर्ज फेडायचे तर उत्पादन भरपूर हवे, म्हणून डोंगरउतार सोडून सपाटीच्या भारी जमिनीत आरामों नावाच्या जातीची लागवड झाली. ही वेल हेक्टरी 200 हेक्टोलिटर, म्हणजे 20 हजार लिटर आणि त्याहूनही जास्त वाईन द्यायची. पातळ, फिकी. हायब्रीड ज्वारीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांनी ओळखले असेलच. पोती भरली, भाकरीला चव नाही, आणि कणसावर पाऊस पडला की दाणा काळा.

तरीही माल खपला असता. पण मधल्या टंचाईच्या वर्षांत व्यापाऱ्यांना द्राक्षाशिवाय वाईन करायची सवय लागली होती. बेदाणे भिजवून करा, चोथ्यावर साखरेचे पाणी ओतून करा. त्यात 1903 साली सरकारने साखरेवरचा कर उतरवला. उत्तरेतल्या बीटसाखरवाल्यांची सोय झाली, आणि साखरपाण्याची वाईन आणखी स्वस्त पडू लागली. अल्जेरियातली वाईनही जहाजाने येत होती. खऱ्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन खर्चही सुटेना. पिंपे भरलेली आणि घरात खायला नाही, अशी गत झाली.

11 मार्च 1907 रोजी आर्झेलिये नावाच्या खेड्यातून 87 शेतकरी पायी निघाले आणि नार्बोन शहरात चौकशी समितीपुढे उभे राहिले. पुढारी होता मार्सेलँ अल्बेर, गावातला एक चहाटपरीवजा खानावळ चालवणारा, थोडे द्राक्ष असलेला माणूस. त्यानंतर दर रविवारी सभा. आज या गावात, पुढच्या रविवारी त्या. 87 चे हजार झाले, हजाराचे लाख झाले, आणि 9 जूनला माँपेलिये शहरात पाच लाखांवर माणसे जमली. शेकडो गावांच्या नगराध्यक्षांनी राजीनामे दिले, कर भरायचा नाही असे ठरले. मोबाईल नाही, मोटार नाही, हे लक्षात घ्या. आमच्या एखाद्या तालुका मेळाव्याला ट्रॅक्टर मिळाला नाही म्हणून गर्दी झाली नाही, असे सांगणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हा मजकूर मुद्दाम लिहिला आहे.

सरकार क्लेमाँसोचे होते. त्याने सैन्य पाठवले. जूनच्या 19 आणि 20 तारखेला नार्बोनमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. त्याच सुमारास सतरावी पलटण बिथरली. त्या पलटणीत भरती झालेली बरीच पोरे त्याच मुलखातली, द्राक्षवाल्यांचीच. आपल्याच बापावर बंदूक रोखायची नाही म्हणून ती हत्यारांसह निघून बेझिये शहरात येऊन बसली.

अल्बेरचा शेवट मात्र वाईट झाला. तो एकटा पॅरिसला गेला, क्लेमाँसोला भेटला. मुरलेल्या मुत्सद्द्याने त्याच्याशी गोड बोलून परत जायला गाडीभाड्याचे 100 फ्रँक हातावर ठेवले आणि भोळ्या माणसाने ते घेतले. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट वर्तमानपत्रांत. कालपर्यंत ज्याला देव मानत होते त्याला लोक विकला गेला म्हणू लागले. 1921 साली तो गरिबीतच वारला. मुंबईला एकट्याने जाऊन मंत्र्याच्या बंगल्यावर चहा पिणाऱ्या आपल्या काही मित्रांना ही हकीगत वाचून दाखवायला हरकत नाही.

पण आंदोलन वाया गेले नाही. 29 जून 1907 ला कायदा झाला. प्रत्येकाने आपले पीक किती निघाले ते जाहीर करायचे, म्हणजे पिकापेक्षा जास्त वाईन बाजारात आली की चोरी उघडी पडणार. साखरेवर पुन्हा कर बसला. सप्टेंबरमध्ये हुकूम निघाला की वाईन म्हणजे फक्त ताज्या द्राक्षांची किंवा ताज्या द्राक्षरसाची आंबवलेली. आज जगात कुठेही माणूस पाच-सात युरोंची बाटली उघडतो आणि आत खरोखर द्राक्षच असते, त्याच्या मागे त्या रविवारच्या सभा आहेत. त्या शेतकऱ्यांची मुख्य मागणी सरकारने पैसे द्यावेत ही नव्हती. आमच्या मालाच्या नावाने दुसरे काही विकू देऊ नका, एवढेच ते मागत होते.

त्याआधीच, 1901 साली, मारोसाँ गावच्या लहान शेतकऱ्यांनी आणखी एक शहाणपण केले होते. सगळ्यांची वाईन एकत्र करून त्यांनी ती पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट विकायला सुरुवात केली. विकणारा गरीब, घेणारा गरीब, मधला गाळला. 1905 साली त्यांनी आपले स्वतःचे वाईनघर बांधले. सहकार म्हटले की आमच्या कपाळाला आठ्या पडतात हे वाचकांना माहीत आहे. आपल्याकडे सहकाराचे काय झाले ते विदर्भातल्या सूतगिरण्यांच्या गंजलेल्या कुलपांवर वाचावे. पण लांगदोकमध्ये गावोगावची वाईनघरे टिकली, आणि आजही त्या मुलखातली स्वस्त आणि चांगली वाईन मोठ्या प्रमाणावर तिथूनच येते. इंग्लंडातल्या मुलाने बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावीत. वाईन मळ्यात किंवा गावच्या सहकारी घरात भरली, की दूरच्या व्यापाऱ्याने चार ठिकाणची गोळा करून भरली, हे तिथे लिहिलेले असते.

त्याने आणखी एक गोष्ट पाहावी. लांगदोकमध्ये सपाटी आहे तसे डोंगर आहेत. कोर्बिएर, मिनेर्वा या भागांत खडकाळ, उताराची, कोरडवाहू जमीन. तिथे कारिन्याँ जातीच्या जुन्या वेली आहेत. उत्पादन हेक्टरी साधारण 50 हेक्टोलिटरच्या आत ठेवावे लागते, सपाटीच्या चौथाई. फ्रान्समध्ये नामांकित प्रांतांच्या वेलींना पाणी द्यायला कायद्यानेच मनाई होती, 2006 पासून अटी घालून थोडी मोकळीक मिळाली. वेलीने खडकात मुळे घालून स्वतःचे पाणी शोधायचे. दाणा लहान राहतो, साल जाड होते, रस कमी पण दमदार. पावसाच्या ओलीवर, थंडीच्या दवावर निघालेली रब्बीची मालदांडी आणि खरिपाची हायब्रीड यांच्या भाकरीत जो फरक, तोच हा फरक. कोरडवाहूचा माल कमी असतो, हलका नसतो. हे आम्ही ज्वारीबद्दल सांगतो तेव्हा शहरातले लोक जांभई देतात. तेच वाईनबद्दल सांगितले की माना डोलावतात!

मिनेर्वा आणि कोर्बिएर या नावांना 1985 साली सरकारी मान्यता मिळाली. 1987 साली सबंध लांगदोकसाठी 'पेई दॉक' हे नाव आले आणि त्यात एक साधी सोय होती. बाटलीवर द्राक्षाची जात लिहायला मुभा. बोर्दोवाल्यांना वाटायचे, आमच्या मळ्याचे नाव पुरे, जात कशाला सांगायची? लांगदोकवाल्यांकडे मळ्याचे नाव नव्हते, म्हणून त्यांनी जात सांगितली. मेर्लो, सिरा, शार्दोने. लंडनच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला फ्रान्सचा भूगोल येत नव्हता, पण एवढे वाचता येत होते. माल खपू लागला. तरीही भाव बोर्दोच्या किंवा बरगंडीच्या नामवंतांच्या जवळपासही गेला नाही. म्हणून तो मुलगा आजही तिथे हात घालू शकतो. स्पेनमधला ला मांचा आणि पोर्तुगालमधला आलेन्तेझू हेही असेच उन्हाचे आणि कमी नावाचे मुलूख. तिकडेही पाहावे.

आता खरी परीक्षा कशी करायची ते सांगतो. यात आम्हाला सर्वात जास्त मौज वाटली.

24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर नावाच्या इंग्रज वाईनविक्रेत्याने नऊ फ्रेंच तज्ज्ञांना बसवले. फ्रान्सच्या सर्वात नामांकित बाटल्या आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या बाटल्या, नावे झाकून. तज्ज्ञांनी चाखून गुण दिले. झाकण काढले तर पांढऱ्यातही कॅलिफोर्निया पहिली, लालमध्येही कॅलिफोर्निया पहिली. एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली, असे सांगतात. परत मिळाली नाही हे बरे झाले. पुढे 2008 साली अमेरिकेत सहा हजारांवर झाकलेल्या चाखण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. सामान्य माणसाला किंमत माहीत नसली तर महागडी वाईन जास्त आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असे निघाले. ज्यांनी वाईनचे शिक्षण घेतले आहे त्यांना मात्र महागातला फरक थोडाफार कळतो, हेही त्यातच निघाले. ते लपवायचे कारण नाही.

तेव्हा मुलाला आमचा निरोप असा. तीन मित्रांनी मिळून तीन-चार वेगवेगळ्या, मधल्या किमतीच्या बाटल्या आणाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळून आकडे टाकावेत. चाखावे, लिहावे, मग कागद फाडावा. जी आवडली तीच यापुढे घ्यावी. जड काचेच्या बाटलीला भुलू नये, जास्तीच्या काचेचे पैसे आपणच देतो. वर्षानुवर्षे जपून ठेवायचा हव्यास नको. या किमतीतली वाईन लवकर प्यायचीच असते. आणि दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेली बाटली कधीही घेऊ नये, उन्हाने वाईन मरते.

हीच शेवटची सूचना आपल्याकडे दुप्पट लागू आहे, कारण आपला उन्हाळा. आपल्या राज्यात 2001 साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आले, राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला शुल्कमाफी मिळाली, नाशिकच्या बाजूला वाईनघरे उभी राहिली. परदेशी वाईनवर आयात कर 150 टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारात डिसेंबर 2022 पासून कर उतरला, पण 5 डॉलरच्या वरच्या बाटल्यांवरच. म्हणजे श्रीमंताच्या बाटलीला सवलत आणि स्वस्त बाटलीला तोच बोजा. बेताच्या पैशात चांगली वाईन हवी असेल त्या पुण्या-मुंबईच्या माणसाला म्हणून नाशिककडेच पाहावे लागते. तिथली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन ताजी असताना चांगली असते. गोव्यात पोर्ट म्हणून जी स्वस्त गोड बाटली मिळते तिचा पोर्तुगालच्या पोर्टशी संबंध नावापुरता. 1907 चे लांगदोकवाले तिथे असते तर त्यांनी नक्की मोर्चा काढला असता.

जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा केवढे रण माजले! शेतकऱ्याच्या हिताचे म्हणणारे एका बाजूला, संस्कृती बुडाली म्हणणारे दुसऱ्या बाजूला. निर्णय अमलात आलाच नाही. त्या सगळ्या कल्लोळात, वाईनच्या द्राक्षाला किलोमागे काय मिळते, हे विचारताना आम्ही कोणालाच ऐकले नाही. 2008-09 च्या मंदीत वाईनघरांनी हात आखडता घेतला तेव्हा नाशिकच्या कितीतरी शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. वाईनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. वाईनघराने घेतले नाही तर ते बाजारात कोणी खायला घेत नाही. खाणारे तोंड एकच असेल तर शेतकऱ्याचे काय होते, हे खरेदी केंद्राबाहेर गाड्या घेऊन रात्री काढलेल्यांना सांगायला नको.

आता एक अवघड गोष्ट. लांगदोकचा माल चांगला आणि स्वस्त आहे हे गिऱ्हाइकाचे नशीब. शेतकऱ्याचे काय? लोकांचे पिणे कमी होत गेले, माल पडून राहिला. 2023 साली फ्रान्सने उरलेली वाईन गाळून तिचा औद्योगिक मद्यार्क करण्यासाठी 20 कोटी युरो काढले. 2024 मध्ये वेली कायमच्या उपटणाऱ्याला हेक्टरी 4 हजार युरो द्यायचे ठरले. त्यावर दुष्काळाची वर्षे. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्बिएरच्या डोंगरात वणवा लागला आणि सुमारे 16 हजार हेक्टर होरपळले. ज्या उतारावरच्या जुन्या वेलींचे आम्ही वर कौतुक केले त्यांनाच या उपटणीत पहिला धोका आहे, कारण त्या कमी पिकतात. नाव असते तर कमी पिकूनही त्या मालकाला पोसू शकल्या असत्या. चांगल्या मालाची स्वस्त बाटली सापडली की आनंद जरूर मानावा, पण ती फार वर्षे तशीच सापडत राहील हे गृहीत धरू नये. एक तर शेतकऱ्याला नाव मिळेल आणि ती महाग होईल, नाही तर तो शेतकरी उठून जाईल.

आपल्या कापसाची गत यापेक्षा वेगळी नाही, थोडी वाईटच आहे. पहिल्या वेच्याचा कोरडा, लांब धाग्याचा कापूस आणि फरदडीचा कवडी कापूस जिनिंगच्या एकाच ढिगात पडतो. गाठ बांधली की त्यात कोणाचे गाव आहे ते देवालाही सांगता येणार नाही. केंद्रावर ग्रेडर गाडीत हात घालतो, मूठ दाबतो, आणि ओल जास्त, धागा कमी म्हणून आकडा सांगतो. 8 टक्क्यांच्या वर ओल गेली की पैसे कापले जातात, 12 च्या वर गेली की गाडी परत. 8 टक्क्यांच्या खाली आणि धागा चांगला असेल तर बक्षीस म्हणून कोणी काही वर दिल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. 2020 साली केंद्र सरकारने भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव दिले. नाव सुरेख आहे. त्या नावात आमच्या गावाचे नाव कुठे बसते ते आम्हाला अजून दिसलेले नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत एक प्रयोग करायचे ठरवले आहे. प्रत्येक गावाने येताना अर्धा किलो कापूस आणायचा, पहिल्या किंवा दुसऱ्या वेच्याचा, घरात सावलीत वाळवलेला. पिशवीवर गावाचे नाव लिहायचे नाही. नाव, वाणाचे नाव, जमीन हलकी की भारी आणि वेचणीचा दिवस एका चिठ्ठीवर लिहून ती बंद पाकिटात द्यायची. आम्ही पिशव्यांवर आकडे टाकू. पाच जुने वेचणारे बसवू, त्यांत तीन बाया असतील, कारण कापूस हाताने कोणाला कळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी नंबर लावून झाले की त्याच पिशव्यांमधली रुई धाग्याची लांबी मोजून घ्यायला पाठवू आणि दोन्ही निकाल पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू. पाकिटे सभेतच, सर्वांसमोर फोडली जातील. तालुकाप्रमुखांनी आपल्या तालुक्यातल्या पिशव्यांची संख्या बैठकीच्या चार दिवस आधी कळवावी, म्हणजे तेवढ्या टेबलांची सोय करता येईल.